क्विंटलभर तुरीतला लाल दाणा

सूर्यभान बडनेऱ्याला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात नोकरीला होता. दारू नाही, पत्ते नाहीत, सुपारी-तंबाखूचा खर्रासुद्धा नाही. फक्त दर सोमवारी अमरावतीच्या राजकमल चौकातून लॉटरीचं एक तिकीट घ्यायचा, घरी येऊन ते कॅलेंडरच्या पानामागे खोचायचा आणि शनिवारी सोडत झाली की निमूटपणे काढून टाकायचा. दुसऱ्या कुठल्या घरात याची कोणी दखलही घेतली नसती. पण त्याची बायको ज्योत्स्ना ज्युनियर कॉलेजात गणित शिकवायची. बारावीच्या पोरांना संभाव्यता शिकवून घरी यावं आणि समोर भिंतीवर ते तिकीट फडफडत असावं, हे तिला दिव्याखालच्या अंधारासारखं टोचायचं.

तिने त्याला समजावून पाहिलं नव्हतं असं नाही. नाणं उडवून दाखवलं, फासे टाकून दाखवले. तो फार लक्ष देऊन ऐकायचा, मधे मधे मान हलवायचा, शेवटी "तुह्यं खरं हाय" असंही म्हणायचा, आणि सोमवारी तिकीट घेऊन यायचा. भांडणारा नवरा परवडला, पण पटवून घेऊन तसाच वागणारा नवरा म्हणजे काय ते ज्योत्स्नालाच ठाऊक होतं.

यंदा संक्रांतीनंतर अकोल्याहून तुरीचं पोतं आलं. सूर्यभानची बहीण शकुन अकोल्याला असते, तिच्या नवऱ्याची तिथे छोटीशी डाळ मिल आहे. दरवर्षी ती भावाकडे पाच-सात किलो डाळ पाठवते. यंदा मिलमधल्या माणसाने डाळीच्या पिशवीऐवजी अख्ख्या तुरीचं क्विंटलभराचं पोतंच गाडीत टाकलं, आणि गाडीवाल्याने ते ज्योत्स्नाच्या हॉलमध्ये आणून उभं केलं. शकुनने फोनवर हसून घेतलं आणि सांगितलं की इकडे एखादी गाडी येईल तेव्हा परत नेऊ, तोवर राहू दे, फक्त कीड लागू देऊ नको. म्हणून ज्योत्स्नाने ती तूर पाण्याच्या निळ्या ड्रममध्ये ओतली आणि वर कडुनिंबाचा पाला टाकला.

पाला टाकता टाकता तिच्या डोक्यात ते आलं. दुसऱ्या दिवशी तिने मोजून शंभर दाणे कॉलेजात नेले आणि फिजिक्सच्या प्रयोगशाळेतल्या काट्यावर वजन केलं. दहा ग्रॅम भरले. म्हणजे एका क्विंटलमध्ये दाणे झाले दहा लाख. आणि सूर्यभान घ्यायचा त्या लॉटरीची तिकिटंही दहा लाखच निघायची, पहिलं बक्षीस एक. इतकी वर्षं ज्या उदाहरणासाठी ती धडपडत होती, ते अकोल्याच्या कोण्या विसराळू हमालाने आयतं घरपोच पाठवलं होतं.

सूर्यभान ड्युटीवर गेला होता. तिने एक दाणा घेतला, त्याला लाल नेलपॉलिश लावलं, वाळू दिलं, ड्रममध्ये टाकला आणि कोपरापर्यंत हात घालून तूर खालीवर केली. संध्याकाळी तो घरी आला तसं त्याला ड्रमपुढे उभं केलं.

"आता डोळे मिटा आन् एक दाना काढा. लाल निघाला तं जन्मभर तुमचं तिकीट मी स्वतः आनून देईन. नाही निघाला तं समजून घ्या का लॉटरी म्हनजे हेच हाय."

सूर्यभानने हातपाय धुतले. मग डोळे मिटले, हात आत घातला, बराच वेळ आत काहीतरी चाचपत राहिला आणि एक दाणा काढला. साधा होता.

"समजलं?" ज्योत्स्नाने विचारलं.

"समजलं," तो म्हणाला. "उद्या किती वाजता?"

इथून सगळं बिघडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, चहाच्याही आधी, तो ड्रमपुढे उभा. तिसऱ्या दिवशीही तेच. काढलेला दाणा परत आत टाकायचा की बाजूला ठेवायचा यावर दोघांचं आठवडाभर वाजलं. ज्योत्स्नाचं म्हणणं, परत टाकायचा, कारण लॉटरीत दर वेळी सगळं नव्याने सुरू होतं, मागच्या हरण्याचा पुढच्या खेपेला काडीचा उपयोग नसतो. सूर्यभानला हे मुळीच मान्य नव्हतं. ज्या दाण्याने आपल्याला एकदा धोका दिला त्याला पुन्हा आत कशाला घ्यायचं, असा त्याचा सवाल होता. शेवटी दाणा परत टाकायचं ठरलं, पण सूर्यभान तो टाकताना त्याच्याकडे असा बघायचा की दाणा माणूस असता तर शरमला असता. आणि पंधरवड्यानंतर तो म्हणायला लागला की आता जवळ आलं आहे. ज्योत्स्नाने विचारलं, कशावरून? तर म्हणे, इतक्या दिवसांत नाही निघाला, त्यावरून.

शेजारचे किसनराव रोज सकाळी पेपर मागायला यायचे. जिल्हा परिषदेतून रिटायर झालेला माणूस, कुठल्याही कामात नियम कोणता ते आधी विचारणारा. त्यांनी नियम विचारला, समजून घेतला, चष्मा काढून ठेवला आणि एक दाणा काढला. नाही निघाला. पेपर न घेताच ते घरी गेले. दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन आले. त्यांच्यामागून समोरच्या पार्वताबाई आल्या, पार्वताबाईंमागून त्यांच्या भिशीतल्या बायका, आणि महिना पुरा व्हायच्या आत ज्योत्स्नाच्या फाटकाबाहेर सकाळी चपलांचा ढीग पडायला लागला.

कोणी आरडाओरडा करत नव्हतं. माणसं रांगेत यायची, डोळे मिटायची, एक दाणा काढायची, बघायची, परत टाकायची, "नाही निघाला" म्हणून पुढच्याला जागा द्यायची आणि आपापल्या कामाला जायची. हात घालण्याआधी वरचा कडुनिंबाचा पाला बाजूला सारावा लागे. एका बाईने सारलेलं पान सहज कपाळाला लावलं, तर मागच्या सगळ्यांनी लावलं. चार दिवसांत पाला संपला आणि लोक येताना आपला आपला डहाळा घेऊन यायला लागले. तुरीला कीड लागायची काही सोय उरली नाही.

ज्योत्स्ना सुरुवातीला प्रत्येकाला समजावून सांगायची. हे कशासाठी मांडलं आहे, दहा लाख म्हणजे किती, रोज एक दाणा काढला तर सरासरीने किती पिढ्या जाव्या लागतील. लोक आदराने ऐकायचे. मॅडम फार छान सांगतात, असंही म्हणायचे. मग हात घालायचे. एकदा तर रांगेतल्या एका माणसाने तिला मधेच थांबवून अगदी मऊ आवाजात विचारलं की मॅडम, भाषण ऐकल्यावर दाणा काढायचा असतो की आधी काढला तरी चालते?

मग एका दुपारी नागसेन आला. राजकमल चौकातल्या लॉटरीच्या टपरीचा मालक. सूर्यभानचा जुना ओळखीचा, पण ज्योत्स्नाने त्याला पहिल्यांदाच पाहिलं. तिला वाटलं होतं तसा तो लबाड वगैरे दिसत नव्हता. घरच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला आल्यासारखा संकोचून खुर्चीच्या टोकाशी बसला. म्हणाला की धंदा बसला आहे. या भागातलं गिऱ्हाईक हळूहळू यायचंच बंद झालं, चौकशी केली तर कळलं की सगळे इकडे येतात. त्याने ड्रमकडे पाहिलं.

"मॅडम, लाल दाना निघाला तं काय भेटते?"

"काहीच नाही," ज्योत्स्ना म्हणाली.

"काहीच नाही?"

"नाही. समजावून सांगासाठी ठेवलं हाय ते."

नागसेनने पुन्हा ड्रमकडे पाहिलं. "मंग लोक काहून येऊन राह्यले?"

ज्योत्स्ना उठून चहा ठेवायला गेली. नागसेनने चहा घेतला, निघताना ड्रमपाशी घुटमळला, आणि मग धंद्यातला माणूस म्हणून नाही तर असंच, सहज एक दाणा काढला. त्याचाही नाही निघाला. जाताना त्याचा चेहरा आला तेव्हापेक्षा बरा होता.

आता एवढी माणसं एवढे दिवस हात घालतात आणि दाणा निघत नाही म्हटल्यावर कुजबुज सुरू होणारच होती. ती किसनरावांपासून सुरू झाली. त्यांनी भर हॉलमध्ये उभं राहून विचारलं की लाल दाणा आत आहे याला पुरावा काय? कोणी पाहिला? ज्योत्स्नाने सांगितलं की दहा लाखांत एक म्हणजे असंच असतं, तो न निघणं हाच तर मुद्दा आहे. किसनराव म्हणाले, मुद्दा बरोबर आहे, पण दाणाच नसला तरी तो असाच निघणार नाही. मग फरक कसा ओळखायचा? या वाक्याचं ज्योत्स्नाला एरवी कौतुक वाटलं असतं. त्या दिवशी तिचे कान तापले.

सगळी तूर निवडून बघायची असं ठरलं. पार्वताबाईंनी काम अंगावर घेतलं. रविवारी सकाळी गच्चीवर चादरी अंथरल्या, घराघरातून सुपं आणि पराती आल्या, भिशीच्या बायका मांडी घालून बसल्या. खालून पुरुष घमेल्याने तूर वर पोचवत होते. कोणीतरी उपमा केला, कोणीतरी थंड पाण्याची कॅन आणून दिली. उन्हं चढायला लागली होती तरी एकही बाई उठायला तयार नव्हती. ज्योत्स्ना जिन्याच्या तोंडाशी उभी होती. परीक्षेचा निकाल लागायच्या दिवशी पोरं कशी उभी राहतात ते तिला आता कळत होतं.

थोड्याच वेळात पार्वताबाईंचा हात वर झाला. लाल दाणा. गच्चीवर असा काही आनंद झाला की खालून पुरुष धावत आले. ज्योत्स्नाचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात पलीकडच्या चादरीवरून दुसऱ्या बाईने हात वर केला. तिच्याही सुपात लाल दाणा होता. मग तिसरा निघाला. चौथा शेंदरी निघाला, शेंदरात घोळून काढल्यासारखा. पाचवा गुलाबी. एक शाईच्या पेनाने रंगवलेला, एक दाराला लावतात त्या ऑइलपेंटचा, आणि एक तर तूरच नव्हती, गुंज होती. दुपारपर्यंत परातीत चाळीसच्या वर दाणे जमले.

कोणी कोणाकडे बघत नव्हतं. झालं होतं असं की प्रत्येकाने कधी ना कधी, आपला आपला, कोणाला न सांगता, घरून एक दाणा रंगवून आणला होता आणि हात घालताना आत सोडला होता. लबाडी करायची म्हणून नव्हे. तेवढीच आशा वाढेल म्हणून. किसनराव आपला ऑइलपेंटचा दाणा ओळखून आकाशाकडे बघत होते.

ज्योत्स्नाला पहिल्यांदा हसू आलं, मग तिच्यातली मास्तरीण जागी झाली. तिने सगळ्यांना सांगितलं की बघा, एकाच्या जागी चाळीस दाणे होते, तुम्ही शेकडो वेळा हात घातला, तरी एकाच्याही हाताला एकही लागला नाही. याहून मोठा पुरावा मी कुठून आणू? गच्चीवरच्या लोकांनी हे ऐकून घेतलं आणि एका सुरात हळहळले. चाळीस दाणे होते आणि आपल्याला माहीतच नव्हतं! माहीत असतं तर जरा दाबून हात घातला असता.

पण किसनरावांना आपल्या ऑइलपेंटवरून लोकांचं लक्ष हटवायचं होतं. ते परात घेऊन पुढे आले आणि म्हणाले की यातला मॅडमचा कोणता ते त्यांनी दाखवावं. ज्योत्स्नाने एकेक दाणा उचलून पाहिला. तिचं नेलपॉलिश गर्द, जांभळाकडे झुकणारं लाल होतं. तसा एकही दाणा परातीत नव्हता. तिने पुन्हा पाहिलं. इतक्या हातांनी घासून रंग उडाला असेल, असं तिने सांगितलं, पण सांगताना तिचा आवाज तिलाच खरा वाटेना. पार्वताबाईंच्या घरचा नेलपॉलिशचा दाणा तर जसाच्या तसा चकाकत होता.

"म्हनजे मुळात टाकलाच नव्हता," किसनराव म्हणाले.

वीस वर्षं तिने पोरांचे पेपर तपासले होते. अर्ध्या मार्काचाही घोळ तिच्या हातून कधी झाला नव्हता. आणि आज सगळ्या कॉलनीसमोर ती खोटी ठरत होती, तेही तुरीच्या दाण्यावरून. तेव्हा जिन्यातून घमेलं घेऊन वर आलेला सूर्यभान ते खाली ठेवून सरळ उभा राहिला.

"टाकला होता," तो म्हणाला. "मी पाह्यला. माह्या डोयासमोर टाकला तिनं."

सूर्यभानला खोटं बोलता येत नाही हे सगळ्या कॉलनीला माहीत होतं. किसनरावांनी परात खाली ठेवली. बायका उठून साड्या झटकायला लागल्या. विषय तिथेच मिटला.

संध्याकाळी दोघं गच्ची झाडत होते तेव्हा ज्योत्स्नाने विचारलं की तुम्ही तर त्या वेळी बडनेऱ्याला होता, मग कसं काय पाहिलं? सूर्यभान झाडत राहिला. मग म्हणाला की तिने टाकला म्हणून सांगितलं, तेव्हाच त्याच्यासाठी तो टाकल्यासारखा झाला. एवढे दिवस रोज सकाळी हात घातला तो काय उगीच?

मग ज्योत्स्नाने इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं. तिकीट निघणार नाही हे त्याला कळतं ना?

"कयते," तो म्हणाला. "पयल्यापासून कयते. पन सोमवारपासून शनिवारपर्यंत मले कोनी हारलेला म्हनू शकत नाही नं. तेवढे दिवस बरे जाते."

तिने यावर आकडेमोड केली नाही. झाडू कोपऱ्यात ठेवला आणि दोघं खाली आले. चाळीस दाण्यांत त्याचा कोणता होता हेही तिने विचारलं नाही. त्याचा एकही नव्हता, असं त्याने आपणहून सांगितलं, आणि त्या गोष्टीचं तिला नंतर कितीतरी दिवस आश्चर्य वाटत राहिलं.

आठवड्याभरात अकोल्याची गाडी आली. शकुनने फोनवर सांगितलं की एवढी स्वच्छ निवडलेली तूर मिलमध्ये आजवर आलेली नाही, एक खडा नाही, एक काडी नाही. तिच्या नवऱ्याने खूश होऊन चांगली डबाभर डाळ करून परत पाठवली. ड्रम धुऊन गच्चीवर पाण्यासाठी ठेवला. कॉलनीतली माणसं काही दिवस सकाळी फाटकापाशी रेंगाळली, मग आपापल्या वाटेला लागली. नागसेनची टपरी पुन्हा चालायला लागली, असं सूर्यभानकडून कळलं.

एप्रिलमध्ये एका सकाळी ज्योत्स्ना कॉलेजला निघायच्या घाईत असताना बेल वाजली. दारात धोतर नेसलेला एक म्हातारा उभा होता, हातात कडुनिंबाचा डहाळा. खुशालराव नाव सांगितलं. अचलपूरहून पहिल्या एसटीने आला होता. लाल दाण्याचं त्याला उशिरा कळलं होतं.

ज्योत्स्नाने त्याला आत बसवून पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. तूर गेली, तिची डाळ झाली, ड्रममध्ये आता पाणी आहे, आणि खरं तर लाल दाणा तुरीतही सापडला नव्हता. म्हाताऱ्याने सगळं ऐकलं. डहाळा मांडीवर ठेवला. मग त्याने विचारलं की त्याच तुरीची डाळ घरात आहे का?

आहे, पण डाळीत तो दाणा असूच शकत नाही, ज्योत्स्ना म्हणाली. मिलमध्ये टरफल निघून जातं, दाणा फुटतो, रंग राहायचा प्रश्नच नाही. शून्य, बाबा. दहा लाखांत एक नाही, शून्य.

"बरोबर हाय, माय," खुशालराव म्हणाले. "पन आता आलोच हाव तं."

ज्योत्स्नाने घड्याळाकडे पाहिलं. मग स्वयंपाकघरात जाऊन डाळीचा डबा आणला, झाकण काढलं आणि त्यांच्यापुढे धरला. खुशालरावांनी कडुनिंबाचं एक पान कपाळाला लावलं, डोळे मिटले आणि डब्यात हात घातला. आवाज न करता त्यांची बोटं डाळीत फिरत होती. आतून सूर्यभान टॉवेल गुंडाळूनच बाहेर आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. ज्योत्स्नाने डबा जरा वर धरला, म्हाताऱ्याला वाकावं लागू नये म्हणून.

त्यांनी डाळीचा एक दाणा काढून तळहातावर घेतला, उजेडाकडे नेऊन नीट पाहिला.

"नाही निघाला," ते म्हणाले आणि तो काळजीने परत डब्यात टाकला. मग समाधानाने चहा प्यायले, अचलपूरच्या गाडीची वेळ विचारली आणि चप्पल घालून निघाले. सूर्यभान त्यांना कोपऱ्यापर्यंत ऑटो बघून द्यायला गेला. ज्योत्स्नाचं पहिलं लेक्चर बुडालं होतं. तिने डब्याचं झाकण लावलं आणि उशीर झालाच आहे तर म्हणून कुकरला वरण लावून टाकलं.